औषध

औषध या शब्दाला आमच्या घरी दोन अर्थ होते. आईच्या फडताळातल्या काचेच्या बाटलीत असे ते औषध. आणि वाडीतल्या पंपाच्या खोपीत, मुलांचा हात पोचू नये अशा उंच फळीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात असे तेही औषधच. एक घ्यायचे, दुसरे मारायचे. शेतकऱ्याच्या भाषेत किडीवर विष मारले जात नाही, औषध मारले जाते. मी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवू लागले, तेव्हा आई वसईत चारचौघींना अभिमानाने सांगे, ‘आमची बाय औषधाची मास्तरीण झाली.’ परिणाम असा, की सुट्टीत मी घरी गेले म्हणजे चर्चच्या आवारात मिस्सेनंतर दोघे-तिघे तरी मला गाठत आणि वांग्यावरच्या मावा किडीला काय मारावे ते विचारत. मला ते मुळीच ठाऊक नसे. त्यांच्या चेहऱ्यावर मग अशी निराशा उमटे, की एवढे शिकून हिने केले तरी काय!

केले ते एवढेच, की ३१ वर्षे मुलांना शिकवले. संशोधनाच्या नावावर चार-पाच किरकोळ निबंध आहेत; ते कोणी वाचले असतील असे वाटत नाही. तरीही या विषयाने माझ्या घरात एकदा जे केले, त्याचा हिशेब कुठेतरी मांडून ठेवावा असे वय झाल्यापासून वाटू लागले आहे.

आमच्या विद्यार्थिदशेत औषधशास्त्राची प्रात्यक्षिके बेडकावर चालत. बेडकाचे हृदय शरीरापासून वेगळे केले आणि त्यात मिठाचे योग्य द्रावण खेळत ठेवले, तर ते तासन् तास धडधडत राहते. त्याच्या टोकाला आकडा अडकवून दोरा एका नाजूक तरफेला बांधायचा. तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकवायचे. आणि तो कागद गुंडाळलेला दंडगोल संथपणे फिरू लागला, की काळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे डोंगर उमटत जायचे. एकेक ठोका म्हणजे एकेक डोंगर. द्रावणात अॅड्रेनॅलिनचा थेंब टाकला की डोंगर उंच आणि दाट होत. अॅसिटिलकोलिनचा थेंब टाकला की ठेंगणे, विरळ होत आणि कधी सपाट रेघच लागे. शेवटी तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळत टाकायचा. आज हे सारे संगणकाच्या पडद्यावर दाखवतात. बेडूक मरत नाही आणि हातही काळे होत नाहीत. ते योग्यच झाले. मात्र समोरचा जीव खरोखर थांबताना पाहून पोटात जो गोळा येई, तो पडद्यावरून येत नाही, हेही नमूद करते.

आमचे सर वर्षातून एकदा, बहुधा ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात, एक वेगळे प्रात्यक्षिक करून दाखवीत. त्यात एका हृदयाऐवजी दोन हृदये असत. पहिल्याला त्याचा व्हेगस हा मज्जातंतू जोडलेला ठेवीत, दुसरे मोकळे. पहिल्याच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देत. ते हृदय मंदावे. मग त्याच्यातले द्रावण काढून दुसऱ्या हृदयात भरीत. त्या दुसऱ्याला विजेचा स्पर्श झालेला नसे, त्याला मज्जातंतूही नसे. तरीही तेसुद्धा मंदावे. सर काही क्षण गप्प राहत आणि मग ऑटो लोवी यांची गोष्ट सांगत.

लोवी १८७३ साली फ्रँकफुर्टला एका ज्यू कुटुंबात जन्मले. त्यांना ओढ होती कलेच्या इतिहासाची; घरच्यांच्या इच्छेखातर ते वैद्यक शिकले. उमेदवारीच्या काळात क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण त्यांनी इतके मरताना पाहिले, आणि त्यांना देण्यासारखे वैद्याच्या हाती इतके थोडे होते, की रुग्णशय्येपासून दूर होऊन त्यांनी औषधशास्त्राची वाट धरली. माणसे पळून जातात तीही कधीकधी पुढेच जातात, असे सर म्हणत. १९०९ साली लोवी ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मज्जातंतू स्नायूला किंवा हृदयाला आपला निरोप कसा पोचवतो, हा त्या काळचा मोठा वाद होता. बहुतेकांचे मत, विजेची ठिणगी उडावी तसा. एखादे रसायन पाझरत असेल का, हा विचार १९०३ साली एका इंग्रज मित्राशी बोलताना लोवींच्या मनात चमकून गेला होता. पण तो सिद्ध करण्याची रीत सापडेना, आणि पुढे तो विचार ते विसरूनही गेले. मधे १७ वर्षे गेली.

त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे १९२० सालचा तो पवित्र शनिवार. उजाडल्यावर पास्काचा सण. त्या रात्री लोवींना झोपेतून जाग आली, त्यांनी दिवा लावला, पातळ कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी सहाला त्यांना आठवले, की रात्री आपण अतिशय महत्त्वाचे काही लिहून ठेवले आहे. चिटोरा पाहिला तर अक्षर लागेना. तो सबंध रविवार त्यांनी तो कागद उलटासुलटा करण्यात घालवला. काही केल्या उलगडा झाला नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तोच विचार पुन्हा आला. या वेळी ते अंथरुणात थांबले नाहीत. उठले, थेट प्रयोगशाळेत गेले, आणि दोन बेडकांच्या हृदयांवर त्यांनी तो प्रयोग केला. निबंध १९२१ साली छापून आला.

पुढे लोवींनीच प्रांजळपणे लिहिले आहे, की दिवसाउजेडी शांतपणे विचार केला असता, तर हा प्रयोग त्यांनी केलाच नसता. मज्जातंतूतून रसायन पाझरत असलेच, तरी ते कामापुरतेच पाझरेल, द्रावणात उतरण्याइतके उरेल कशाला, असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटले असते. पुष्कळांना त्यांचा प्रयोग जमेना. ऋतू बदलला, बेडकाची जात बदलली, की उत्तर बदले. १९२६ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांना जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे तोच प्रयोग एकाच हृदयावर १८ वेळा करून दाखवावा लागला. तो १८ ही वेळा जमला.

त्याच १९२६ साली त्यांनी नावरातिल या सहकाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या घराच्या दृष्टीने तीच मोठी. व्हेगसमधून पाझरणारे रसायन क्षणात नाहीसे होते, कारण हृदयातच त्याचे तुकडे करणारे एक एन्झाइम असते. निरोप आला, वाचला, फाडून टाकला. ते एन्झाइम दाबून धरले, तर निरोप फाटतच नाही. हृदयाला ‘थांब, थांब’ असे सांगतच राहतो. हे रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. इंग्लंडचे हेन्री डेल यांनी त्याचे गुणधर्म १९१४ सालीच तपासले होते. १९३६ च्या डिसेंबरात डेल आणि लोवी यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आणि त्याच डिसेंबरात, २३ तारखेला, जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरची कीड मारण्यासाठी फॉस्फरसची नवनवी संयुगे बनवीत असता, त्याच्या हाती एक असे संयुग आले की ज्याच्या वाफेने पुढे तो स्वतःच आजारी पडला. ते टॅबुन, पुढे जर्मन सैन्याने ते युद्धवायू म्हणून साठवले. याच कुळातली सौम्य भावंडे युद्धानंतर कीटकनाशके म्हणून जगभर गेली. ती सारी त्या एकाच एन्झाइमला दाबून धरतात. कीड मरते ती त्यामुळे, आणि माणूसही मरतो तो त्यामुळेच. परीक्षेत हा प्रश्न मी अनेकदा घातला आहे. मुले दहापैकी आठ गुण सहज मिळवीत.

१९८७ सालच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी वसतिगृहावर माझ्यासाठी दूरध्वनी आला. शेजारचा मुलगा वसईच्या एका दुकानातून ओरडून बोलत होता. आमच्या बोलीतले ते वाक्य येथे प्रमाण मराठीत देते : ‘ताई, दादाच्या पोटात औषध गेलंय.’

पुढे काही विचारण्याआधीच तो फोन तुटला. चर्चगेटपासून वसई रोडपर्यंतचा तो प्रवास मी कसा केला, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढेच आठवते, की गाडीत उभ्या उभ्या मी मनाशी एकच गोष्ट घोळवीत होते. ‘गेलंय’ म्हणाला. ‘घेतलंय’ म्हणाला नाही, ‘लागलंय’ही म्हणाला नाही. शेतकरी कुटुंबात वाढलेल्यांना या क्रियापदांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. फवारताना वारा उलटला, अंग भिजले, डोके गरगरले, तर औषध लागले. आणि माणसाने जगण्याकडे पाठ फिरवली, तर औषध घेतले. त्या वर्षी वाडीवर सोसायटीचे कर्ज होते. विहिरीला खारे पाणी लागू लागले होते. दादा गेले काही महिने कमी बोलत असे.

त्या छोट्याशा रुग्णालयात शिरताच लसणासारखा उग्र वास आला, आणि मला कळायचे ते कळले. दादाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अंग घामाने निथळत होते, तोंडातून लाळ वाहत होती, दंडाचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे थरथरत होते, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर होती. नाडी ४४. काळ्या कागदावरचे ठेंगणे, विरळ डोंगर मला समोर दिसत होते. माझ्या भावाचे हृदय तो न फाटलेला निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते.

तरुण डॉक्टरने अॅट्रोपिन सुरू केले होते. हे औषध बेलाडोना या वनस्पतीतून निघाले. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही ते थोडेफार असते. ते अॅसिटिलकोलिनची जागा अडवून बसते. निरोप येतो, पण घेणाराच दार लावून बसलेला. शस्त्रक्रियेपूर्वी ते एरवी एका ampूलएवढे, ०.६ मिलिग्रॅम, देतात. त्या डॉक्टरने चार दिली होती आणि त्याचा हात आता अडखळत होता. मी माझी ओळख सांगितली. ‘मॅडम, अजून किती देऊ?’ त्याने विचारले. पुस्तकात त्याचे उत्तर आकड्यात नसते. घाम सुकेपर्यंत, छाती मोकळी होईपर्यंत, नाडी वर येईपर्यंत. हेच वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते. ‘देत राहा,’ मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला.

रात्री अकराला त्यांच्याकडचा साठा संपला. भावाचे दोघे मित्र स्कूटरवरून गावातली औषधांची दुकाने उठवीत फिरले. एका दुकानदाराने तर बनियनवर येऊन शटर उघडून दिले. पहाटेपर्यंत रिकाम्या कुप्यांनी एक ट्रे भरला, मग दुसरा. मी मोजत होते. १५० पर्यंत मोजल्या आणि पुढे मोजणे सोडून दिले. आई दाराशी रोझरी घेऊन बसली होती. डॉक्टरला कागद भरायचा होता, पोलिसांना कळवायचे होते. त्याने हळू आवाजात विचारले, ‘आजी, घेतलंय की लागलंय?’

‘लागलंय,’ आई म्हणाली. तिने माळेवरून मान वर केली नाही. ती दुपारभर बाजारात होती. तिने काही पाहिले नव्हते.

तिचे भय मी ओळखून होते. तिच्या पिढीच्या मनात अशा मरणाबरोबर मातीचा प्रश्न उभा राही. फादर येतील की नाही, दफनभूमीत जागा मिळेल की नाही. चर्चच्या १९८३ सालच्या नव्या धर्मसंहितेत तो निर्बंध उरला नव्हता. पण आईपर्यंत ती संहिता पोचली नव्हती, आणि पोचवण्याचे मलाही कधी सुचले नव्हते.

अॅट्रोपिन भरपूर झाले की माणूस भ्रमात जातो. पहाटे दादाच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, चेहरा लाल झाला, ओठ कोरडे पडले. तो हवेतले काहीतरी खुडू लागला आणि बडबडू लागला. वैद्यकीय दृष्ट्या ही आनंदाची वार्ता होती. पण कबूल करते, की त्या घडीला मी डॉक्टर नव्हते, शिक्षिकाही नव्हते. भ्रमात माणूस खरे बोलतो असे म्हणतात, म्हणून मी त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होते. तो म्हणत होता, ‘पंप बंद कर. पानवेलीला पाणी पुरे झालं.’ हेच, पुन्हा पुन्हा. दोन तास मी त्या वाक्यातून काहीतरी वाचण्याचा प्रयत्न केला. अक्षर लागले नाही.

नवव्या दिवशी तो घरी आला. दाबलेले एन्झाइम मोकळे करण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम नावाचे दुसरे औषधही मुंबईहून मागवले होते; त्याचा उपयोग किती झाला हे सांगणे अवघड आहे. या औषधावरचा वाद आजही मिटलेला नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी २००६ साली ‘लॅन्सेट’ मध्ये ते मोठ्या मात्रेने सतत दिल्यास रुग्ण वाचतात असे दाखवले. २००९ साली श्रीलंकेतल्या अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. अॅट्रोपिनबद्दल मात्र वाद नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, त्या बातम्या वाचताना प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे ते कुप्यांनी भरलेले ट्रे येत होते.

घरी आल्यावर आमचे एकदा कडाक्याचे भांडण झाले. खोपीतल्या फळीवर तसाच नवा डबा मला दिसला. मी बोलू नये ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, ‘बाय, मावा पडला तर मी काय करू? आणि हे औषध काढलं कोणी, तुमच्याच लोकांनी ना?’ मी निरुत्तर झाले. त्यानंतर वर्षभर आमचे बोलणे कामापुरते राहिले. घेतले की लागले, हे मी विचारले नाही.

१९९१ साली, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, दादा काही कामानिमित्त मुंबईला आला होता आणि मला भेटायला महाविद्यालयात डोकावला. तोवर सर निवृत्त झाले होते आणि दोन हृदयांचा प्रयोग माझ्याकडे आला होता. मी त्याला मागच्या बाकावर बसवले. प्रयोग झाला. लोवींची गोष्टही मी सांगितली. त्या दिवशी तिचा सर सांगत नसत तो उत्तरार्धही सांगितला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात आल्या, त्याच रात्री बंदूकधारी तरुण ६४ वर्षांच्या या प्राध्यापकाच्या शयनगृहात घुसले आणि त्यांना तुरुंगात घेऊन गेले. दोन मुलांनाही पकडले. लोवींना वाटले, आता आपल्याला मारणार. त्यांना अस्वस्थ करीत होते ते वेगळेच : हाती आलेला शेवटचा निष्कर्ष अजून छापलेला नव्हता. पहारेकऱ्याची मनधरणी करून त्यांनी एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवली, निष्कर्ष त्यावर लिहिला आणि एका शास्त्रीय नियतकालिकाला धाडला. मग त्यांना हायसे वाटले. महिन्यांनी सुटका झाली ती स्टॉकहोमच्या बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून दिल्यावर. पत्नीला मागे अडकवून ठेवले होते; ती १९४१ साली त्यांना येऊन मिळाली. १९४० मध्ये लोवी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले, तेव्हा तपासणीच्या कागदावर डॉक्टरने त्यांच्याविषयी वार्धक्यामुळे चरितार्थास असमर्थ असा शेरा मारलेला त्यांनी चोरून पाहिला. सुदैवाने तिथल्या अधिकाऱ्याने तो मनावर घेतला नाही. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९६१ साली, नाताळच्या दिवशी, ते वारले.

मुले निघून गेली. दादा उठून टेबलापाशी आला. दुसरे हृदय पुन्हा पूर्वीच्या गतीने चालू लागले होते. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला.

‘ह्याला तर कोणी हात लावला नव्हता,’ तो म्हणाला.

‘नाही.’

‘आणि त्या माणसाला स्वतःचंच अक्षर लागेना.’

‘दिवसभर.’

तो काही बोलेल असे मला वाटले. मी हातातला काजळीचा कागद लाखेत बुडवायचा तशीच थांबले. दादाने खिशातून रुमाल काढला, माझ्या मनगटावर लागलेली काजळी पुसली आणि विचारले, ‘हे बेडूक कुठून आणता?’

बेडूक पुरवणारा माणूस विरारच्या गाडीने येई. आमच्याच बाजूच्या बावखलांतून तो ते पकडी. मी तसे सांगितले.

‘मग आपल्याही बावखलातला असेल एखादा,’ दादा म्हणाला, आणि आम्ही दोघे जेवायला खाली उतरलो.